'आपण जिंकलो' या वाक्याचे व्याकरण

मराठी समीक्षेत 'स्मरणरंजन' हा शब्द आता वर्णन करत नाही, शिक्षा सुनावतो. लेखात वडिलांचा खांदा, गावची जत्रा, पेट्रोमॅक्सचा उजेड यांपैकी कशाचाही उल्लेख आला की समीक्षक हा शब्द उच्चारतात, आणि तो एकदा उच्चारला की पुढे वाचण्याची जबाबदारी संपली असे गृहीत धरले जाते. शब्द मुळात उपयोगाचा होता. मध्यमवर्गीय ललित लेखनात जो एक साखरपाक साठून राहिला होता, त्यावर साठोत्तरी पिढीने हल्ला केला, तो योग्यच होता. पण हत्यार चांगले असले म्हणजे प्रत्येक झाडावर चालवावे असे नाही. या शब्दाच्या धाकाने एक संपूर्ण अनुभवक्षेत्र मराठी साहित्याच्या बाहेर राहिले, आणि ज्यांनी ते आत आणायला हवे होते ते एकतर गप्प बसले किंवा स्मरणिकांमध्ये गोड लिहीत राहिले. आमचे भांडण या दोघांशीही आहे.

आमच्या डोळ्यांसमोरचा अनुभव आहे तो घरच्यांसोबत, शेजाऱ्यापाजाऱ्यांसोबत एखाद्या संघाचे असण्याचा. 'संघाचा चाहता' असे आम्ही मुद्दाम म्हणत नाही. चाहता निवड करतो. आम्ही ज्याविषयी बोलतो आहोत तिथे निवडीला वाव नव्हता. रायगडच्या किनाऱ्यावर, म्हणजे उरणपासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात, हा अनुभव युरोपातल्यासारखा फुटबॉलने दिला नाही. तो कबड्डीने दिला. भात कापून झाले की शेते मोकळी होत. माती चाळायची, पाणी मारून चोपायची, चुन्याने रेषा आखायच्या, भोवती बांबूंचे कठडे उभे करायचे, आणि मग रात्र रात्र सामने. म्हातारी माणसे पुढे गोणपाट टाकून बसलेली, पोरे त्यांच्या पायांशी, तरुण कठड्याला रेलून. शेंगांच्या टरफलांचा सडा. परगावी सामना असला की टेम्पोत उभ्याने जायचे आणि पहाटे घसा बसलेल्या अवस्थेत परत यायचे. हरून परतणाऱ्या टेम्पोतला अबोला ज्याने अनुभवला आहे, त्याला 'सामूहिक दुःख' या संकल्पनेवर व्याख्यान ऐकण्याची गरज उरत नाही.

या अनुभवाचे एक शारीरिक अंग आहे, ज्याकडे आमच्या माहितीत कोणी लेखकाने लक्ष दिलेले नाही. चढाई करणारा दम भरून जातो. त्याचा उच्चार सुटला तर तो बाद. तो पलीकडच्या अंगणात असतो तोवर बघणाऱ्यांचाही श्वास नकळत अडकून राहतो. तो मध्यरेषेला हात टेकवतो तेव्हा शेकडो माणसे एकदम श्वास सोडतात, आणि आपण ज्याला गर्दीचा आरडाओरडा म्हणतो तो या सुटलेल्या श्वासाचा आवाज असतो. क्रिकेटच्या प्रेक्षकाला असे काही करावे लागत नाही. त्याला टाळ्या वाजवायला सवड असते.

आता अभ्यासक्रमांकडे वळू. इंग्रजी विभागातल्या विद्यार्थ्याला निक हॉर्नबीचे 'फीवर पिच' (१९९२) निदान नावाने ठाऊक असते. सी. एल. आर. जेम्स यांचे 'बियाँड अ बाउंड्री' (१९६३) तर वसाहतोत्तर अभ्यासाच्या यादीत मानाने बसलेले आहे. मराठी विभागात असे काय आहे? क्रिकेटवर लिहिणारे नामवंत होऊन गेले. शिरीष कणेकरांनी क्रिकेटवेड्याचा खुसखुशीत स्वर मराठीत रुजवला, द्वारकानाथ संझगिरींनी क्रिकेटच्या गोष्टींना मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. वि. वि. करमरकर यांनी 'महाराष्ट्र टाइम्स'च्या क्रीडा पानावर कबड्डी-खोखोला जी जागा दिली तिचे मोल मोठे आहे. पण हे वृत्तपत्राच्या अंगाने झालेले काम, आणि विद्यापीठांनी त्याकडे वृत्तपत्राच्या अंगानेच पाहिले. विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडाजीवन' १९४८ साली आले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातला हा खेळाडू १९२३ साली चौरंगी स्पर्धेत 'हिंदू' संघाचा कर्णधार झाला होता. दलित आत्मकथनांच्या चर्चेत हे पुस्तक किती वेळा निघते? आत्मचरित्राच्या इतिहासात तरी त्याला किती जागा मिळते? खेळाडूने लिहिले म्हणून ते क्रीडासाहित्य, आणि क्रीडासाहित्य म्हणून ते साहित्य नव्हे, असा हा हिशेब आहे.

खेळ हा विषयच मुळी उथळ, त्यावर गंभीर लेखन होणार कसे, असा प्रश्न विचारणारे आजही भेटतात. त्यांनी हॉर्नबीचे पुस्तक उघडून पाहावे. त्या पुस्तकातला मुलगा १९६८ साली पहिल्यांदा आर्सेनलच्या मैदानावर जातो, तो घर मोडलेले असताना. आईवडील वेगळे झाले आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन नेमके जायचे कुठे, या पेचावर बापाने काढलेला तो तोडगा आहे. संघाची निष्ठा ही तिथे तुटलेल्या घरावरची ठिगळजोड आहे, आणि लेखक ते लपवत नाही. जेम्स यांच्याकडे गोष्ट आणखी टोकदार होते. त्रिनिदादमधले क्रिकेट क्लब रंग आणि वर्ग यांनुसार विभागलेले होते. तरुण जेम्सपुढे उजळ वर्णाच्या मध्यमवर्गाचा 'मेपल' आणि काळ्या निम्नमध्यमवर्गाचा 'शॅनन' असे दोन पर्याय आले. त्याने 'मेपल' निवडला. त्या निवडीने आपल्या राजकीय समजेला उशीर केला, असे तो पुढे स्वतःच लिहितो. दोन्ही पुस्तके आठवणींचीच आहेत. दोन्हींत जिव्हाळा भरपूर आहे. तरीही त्यांना कोणी स्मरणरंजन म्हणत नाही, कारण आठवण जिथे दुखते तिथून ती सांगितली आहे.

आमच्या किनाऱ्यावर ती कुठे दुखते, हे सांगायला मराठी भाषेने एक असे साधन दिले आहे जे हॉर्नबीपाशी नव्हते. इंग्रजीत 'वुई' एकच. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन. 'आम्ही'त ऐकणारा धरलेला नसतो, 'आपण'त तो धरलेला असतो. हे व्याकरण शाळेत शिकवले जाते आणि पुढे कोणी त्याकडे फिरकत नाही. आता मैदानावरून परतणाऱ्या माणसाचे बोलणे आठवा. परगावच्या पाहुण्याला तो सांगतो, "आम्ही जिंकलो." घरी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना उठवून सांगतो, "आपण जिंकलो." आजोबा मैदानात नव्हते, कदाचित कित्येक वर्षांत त्यांनी सामना पाहिलेला नाही, तरी विजयात त्यांचा वाटा आहे, आणि तो एका सर्वनामाने त्यांच्या हाती दिला जातो. घरच्यांसोबत संघाचे असणे म्हणजे काय, याची याहून नेमकी व्याख्या आम्हांला सुचत नाही. या 'आपण'मध्ये कोण कोण येते आणि कोणाला तो शब्द ऐकवला जात नाही, या प्रश्नापासून या विषयावरचे खरे लेखन सुरू होऊ शकते.

उदाहरणार्थ, लग्न होऊन गावात आलेली बाई. नागावची मुलगी चौलला दिली, किंवा थळची वरसोलीला. गावांची नावे वाचकाने आपापल्या भूगोलाप्रमाणे बदलून घ्यावीत. लहानपणी ती बापाच्या मांडीवर बसून ज्या संघासाठी ओरडली, त्या संघात आता तिचा भाऊ चढाई करतो, आणि समोर पकड करायला तिचा दीर उभा आहे. ती कुठे बसते? सासूशेजारी. ओरडते का? बहुधा नाही. भावाने दिराला हात लावून गुण घेतला तर तिच्या चेहऱ्यावर काय उमटावे, याचा संकेत गावाने ठरवलेला आहे. घरी गेल्यावर नवरा म्हणणार, "आपण हरलो." त्या 'आपण'मध्ये ती आहे, तिला विचारून नव्हे. जात्यावरच्या ओव्यांपासून मराठी साहित्याने माहेर-सासर या ताणावर अपार लिहिले आहे. पण या प्रसंगात तो ताण जितका उघड्यावर, दिव्यांच्या झोतात, शेकडो साक्षीदारांसमोर येतो तितका क्वचितच कुठे येत असेल. पुरुषांच्या आठवणींत या बाया नेहमी एकाच वाक्यात येतात: 'बायकांचीही मोठी गर्दी असे.' संपले! अभिलाषा म्हात्रेसारखी खेळाडू २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होती, पुढे अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. बाईने खेळावे हे मान्य होऊन काळ लोटला. बाईने बघावे कसे, कोणाच्या बाजूने, हे मात्र आजही लिहिले गेलेले नाही.

दुसरे दुखणे अधिक खोल आहे आणि त्यावर बोलले की माणसे रागावतात. गावाचा संघ म्हणजे साऱ्या गावाचा संघ, हे अर्धसत्य आहे. अनेक गावांत संघ आळीचे, पाड्याचे, कोळीवाड्याचे असत; म्हणजे प्रत्यक्षात जातीचे असत, जरी नाव देवाचे असले तरी. जेम्सला 'मेपल' आणि 'शॅनन' यांत निदान निवड करता आली. आमच्याकडे ज्या आळीत जन्म, तो संघ. आणि या संघांच्या मागे उभी असते ती गावकी. गावकीविषयी आम्ही सरसकट वाईट बोलणार नाही. खारेपाटात उधाणाचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध राखायचे, खांड गेली तर सगळ्यांनी मिळून ती बुजवायची, हे काम एकट्यादुकट्याचे नव्हते. चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा तो संप इतकी वर्षे टिकला, तो भुकेपुढे न वाकणाऱ्या एकीच्या बळावर. एकत्र उभे राहण्याचे जे वळण या माणसांच्या अंगात होते, ते कबड्डीच्या मैदानाभोवती दिसते यात नवल नाही.

पण माणसाला वाळीत टाकणारीही गावकीच. २०१०नंतरच्या दशकात रायगड जिल्ह्यातली सामाजिक बहिष्काराची प्रकरणे वर्तमानपत्रांतून सतत गाजत होती. एखाद्या कुटुंबाशी बोलायचे नाही, त्याच्या घरच्या लग्नाला जायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, किराणा द्यायचा नाही. अखेर २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ साली तो अंमलात आला. सामुदायिक कार्यक्रम, सभा, मेळावा, मिरवणूक यांत कोणाला भाग घेऊ न देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. असा कायदा करावा लागणे याचा अर्थ सरळ आहे. ज्या तोंडाने "आपण जिंकलो" म्हटले जाई, त्याच तोंडाने "त्यांच्याशी आपला संबंध नाही" असेही म्हटले जाई. आणि दुसऱ्या वाक्यातला 'आपला' पहिल्या वाक्यातल्या 'आपण'चाच सख्खा भाऊ आहे. वाळीत टाकलेल्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला सामन्याच्या रात्री लाउडस्पीकरवरचे समालोचन घरात ऐकू येते. मैदान शंभर पावलांवर आहे. गुण कोण घेतो आहे, लोण कोणावर चढला, सगळे त्याला कळते. त्याने आनंद करायचा की नाही? या मुलाची आठवण ही संघाचे असण्याची आठवण नव्हे, असे कोण म्हणेल?

इथे आमच्या दुसऱ्या प्रतिपक्षाकडे वळायला हवे, म्हणजे गोड लिहिणाऱ्यांकडे. मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांतले 'आमचे गाव' छापाचे लेख, रविवारच्या पुरवण्या यांत हा विषय आला नाही असे नाही. पण तो नेहमी एकाच सुरात आला. तेव्हा माणसे साधी होती, माती पवित्र होती, आता मॅट आली आणि आत्मा गेला. मातीचे हे स्तवन करणारे बहुतेक जण बघे होते हे ध्यानात घ्यावे. खेळणाऱ्यांच्या गुडघ्यांना विचारून पाहिले तर उत्तर वेगळे येईल. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. त्याआधी चांगल्या खेळाडूची मोठ्यात मोठी आकांक्षा म्हणजे एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा अशा एखाद्या आस्थापनाच्या संघातून नोकरी लागणे. ज्याला ती लागली नाही तो तिशीत खेळ संपवून रिक्षा चालवू लागे किंवा बोटीवर जाई, आणि गाव त्याला दर वर्षी एक शाल व नारळ देई. लीगने निवडक खेळाडूंना का होईना, खेळाचे पैसे दिले. या गोष्टीचा आनंद न होता 'आत्मा गेला' म्हणून उसासे टाकणे हे आम्हांला सभ्यपणाचे वाटत नाही.

तरीही एक फरक नोंदवायलाच हवा, आणि तो पुन्हा सर्वनामाचा आहे. २०१५ साली यू मुम्बाने लीग जिंकली तेव्हा अलिबागच्या चहाच्या टपरीवर लोक खूश होते. पण बोलणे होते ते "मुंबईने घेतली" असे. तृतीयपुरुषी! खेळाडू लिलावात येतात आणि जातात, कर्णधार हरयाणाचा असतो. यात गैर काही नाही, पण 'आपण' म्हणायला जीभ वळत नाही. मग त्याच टपरीवर लिव्हरपूलचा लाल सदरा घातलेला कॉलेजातला मुलगा असतो, जो मोबाइलवर मध्यरात्री सामना पाहतो आणि मित्रांना इंग्रजीत कळवतो की 'वुई' जिंकलो. आमचे देशीवादी मित्र या मुलाची टिंगल करतात. आम्ही ती करणार नाही. त्याने असा संघ निवडला आहे ज्याच्या 'आपण'मध्ये शिरताना कोणी त्याची आळी विचारत नाही, आणि ज्यातून गावकी त्याला काढू शकत नाही. त्या निवडीमागे फक्त झगमगाट आहे असे समजणारा समीक्षक आळसावलेला आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ या संघांभोवती पेठापेठांची जी फुटबॉलनिष्ठा आहे ती पाहिली, की फुटबॉल परका आणि कबड्डी आपली ही वाटणीही टिकत नाही. शिवाय कबड्डी तरी अनादि कालापासून आजच्या रूपात होती कुठे? ठिकठिकाणी नावे वेगळी, नियम वेगळे, महाराष्ट्रात हुतूतू. विसाव्या शतकात व्यायाममंडळांच्या बैठकांतून नियम ठरले, १९५० साली अखिल भारतीय महासंघ झाला, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत खेळ गेला. मातीतून उगवलेला म्हणतात तो खेळ बराचसा कागदावरही घडलेला आहे.

आमच्या या मांडणीवर एक आक्षेप अपेक्षित आहे: हे सारे समाजशास्त्राचे काम झाले, साहित्याच्या माणसाने यात का पडावे? उत्तर असे, की समाजशास्त्रज्ञ बहिष्कृत घरांची संख्या मोजेल आणि ती त्याने मोजलीच पाहिजे. पण "आपण जिंकलो" हे वाक्य ऐकताना सासुरवाशिणीच्या मनात कोणता 'आपण' उमटतो, हे मोजता येत नाही, लिहावेच लागते. आणि लिहिण्याची सामग्री नष्ट होत चालली आहे. किनाऱ्यावरच्या जमिनी बंगल्यांसाठी विकल्या गेल्या, त्यांबरोबर मैदानेही गेली. मंडळांच्या जुन्या वह्या, गुणपत्रिका, स्पर्धांच्या निमंत्रणपत्रिका, फ्लेक्सपूर्वीचे हाताने रंगवलेले फलक कोणा खजिनदाराच्या माळ्यावर वाळवी खाते आहे. अलिबागच्या 'कृषीवल'सारख्या १९३७ पासूनच्या स्थानिक पत्राच्या जुन्या अंकांत गावोगावच्या सामन्यांच्या बातम्या शोधत बसणारा एम.ए.चा विद्यार्थी आम्हांला अद्याप भेटलेला नाही. मराठी विभागांना प्रकल्पांसाठी विषय मिळत नाहीत अशी तक्रार दर वर्षी ऐकू येते, आणि दर वर्षी त्याच चार कादंबरीकारांची स्त्रीचित्रणे तपासली जातात.

एक सूचना करून थांबतो. सुरुवात स्मरणिकेतल्या गोड लेखांपासून करू नये. शेवटच्या पानांवरच्या वर्गणीदारांच्या यादीपासून करावी. ती यादी घरवार असते, रकमेसह असते, आणि तिच्यावर कोणी शैलीचे संस्कार केलेले नसतात. सलग काही वर्षांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात. कोणत्या घराचे नाव कोणत्या वर्षी पहिल्यांदा आले, कोणाची रक्कम एकाएकी वाढली, विधवा बाईचे नाव तिच्या नावाने लागले की मुलाच्या, आणि कोणते घर गावात असूनही एका वर्षापासून यादीतून नाहीसे झाले, हे पाहावे. मग त्या घरी जावे आणि त्या वर्षीचा अंतिम सामना कोणी जिंकला, हे विचारावे.